कच्ची कबर

बी.एस्सी. होऊन मी रस्त्याच्या मोजणीवर लागलो ते १९५९ साल. आमचा छापील तक्ता इंग्रजीत होता. त्यातले शेवटचे चार रकाने ग्रेव्ह, टूम, ग्रेव्हयार्ड, सिमेटरी. साहेबांना चारही सारखेच वाटत. मी शब्दकोश उघडून फरक वहीत उतरवले. ग्रेव्ह म्हणजे एका माणसाला पुरलं ती जागा, टूम म्हणजे त्यावरचं बांधकाम. ग्रेव्हयार्ड चर्चच्या आवारातलं, सिमेटरी वेगळी राखलेली. फरक महत्त्वाचा होता. बाकी तिन्हींसाठी रस्ता वळवायचा होता, एकट्या ग्रेव्हला हाडं हलवायची आठ दिवसांची नोटीस होती.

चांदे गावच्या शिवारात आखणी नेमकी रहिमतबीच्या बांधावरून गेली. तिथे तिचा नवरा रमजान होता. तो गेला तेव्हा ओढ्याला पूर होता, पौडच्या कबरस्तानात नेता आलं नाही. मातीचा उंचवटा आणि उशाला एक धोंडा, एवढंच.

मी तिला नियम समजावला. साखळी धरणारा नथू म्हणाला, "चाची, चार इटा लाव, चुना फास. ह्ये सायेब टूम लिवतील. कोन बगाया येतंय?"

तपासणीला येतात, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "आज बांधलीत तर मी उद्या लिहीन."

रहिमतबीने मान हलवली. "आमच्यात कच्चीच ठेवत्यात. त्येनं सवता सांगितलं व्हतं, वर पाऊस पडू दे."

मी आखणी सहा फूट सरकवून पाहिली, नकाशा साहेबांकडे धाडला. पलीकडे विहीर येते म्हणून तो परत आला. नोटीस मीच वाचून दाखवली.

हाडं हलवायला ती तयार नव्हती. झोपलेल्याला उठवत न्हाईत, म्हणाली. मग तिने विचारलं, तिथे खणणार का.

"नाही. चार फूट भराव पडेल, वर रोलर फिरेल."

"मंजी त्यो तितंच ऱ्हाईल?"

"हो."

"मग मला कसं कळंल कुटं हाय?"

मी वही उघडली. मैल बारा, फर्लांग तीन, मधल्या रेषेपासून डावीकडे साडेचार फूट. तिने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणू लागली. डावीकडे म्हणजे कुठं तोंड करून, हे तिने विचारलं, तेव्हा मी पौडकडे बोट दाखवलं. ती तिकडे तोंड करून उभी राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.

मी रकान्यात लिहिलं: ग्रेव्ह, एक.