मोरपंखी साबणावरच्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. माणूस नव्हे, यंत्र. पाकिटावर, डब्यावर, बाटलीवर उभ्या काळ्या रेघांचा एक बोटभर चौकोन असतो ना, तो बारकोड. दुकानात तो लाल उजेडासमोर धरला की 'पीप' असं वाजतं आणि वस्तूचं नाव-भाव उमटतं. ते वाजणार की नाही, हे माल दुकानात जाण्याआधीच सांगायचं, हे माझं काम. रेघा पुरेशा काळ्या आहेत का, मधल्या फटी स्वच्छ आहेत का, शाई फुटली तर नाही ना, हे मी बघतो आणि गुण देतो. उत्तम असेल त्याला 'ए', नापास असेल त्याला 'एफ'. रोज सकाळी एका काळ्या-पांढऱ्या कार्डावर माझीही परीक्षा होते. मी त्यात कधी नापास झालेलो नाही. तरीसुद्धा आज तुमच्याशी बोलताना मान वर करवत नाही.

एका मोठ्या कारखान्यात मी जन्मलो आणि फोमच्या गादीवर झोपून या छोट्या छापखान्यात आलो. इथे सासरे छापतात आणि सून तपासते. खोलीभर शाईचा आणि स्पिरिटचा वास, भिंतीला टेकलेले प्लास्टिकचे रोल, आणि खिडकीशी माझं टेबल. मी येण्याआधी सासरे भिंगातून छपाई बघायचे. त्यामुळे सुरुवातीला त्यांनी माझ्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं. "आता माझ्या डोळ्यांवर ह्याची देखरेख का?" म्हणाले. पण माझे गुण आणि दुकानांचे निकाल जुळत गेले, तसे ते माझे भक्तच झाले. कुणी तक्रार घेऊन आलं की माझ्याकडे बोट दाखवायचे. "मशीनला नातीगोती नसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीही फुगलो. स्तुती कुणाला नको असते?

मग साबणवाल्या बाई आल्या. शिवणकाम सोडून त्यांनी घरी साबण करायला घेतला होता. मोरपंखी रंगाची सुरेख वडी, आमच्याकडेच छापलेल्या, आरपार दिसणाऱ्या पाकिटात. वडीचा रंग दिसावा म्हणून पाकिटावर दुसरं काही नाही, फक्त नाव आणि काळ्या रेघा. एका मोठ्या दुकानाने तो साबण नुकताच फळीवर ठेवला होता.

"काका, वाजतच नाही हो," त्या दारातूनच म्हणाल्या. "काउंटरवरची मुलगी पाकीट उलटं करते, सुलटं करते, पुसते. मागची रांग माझ्याकडे बघते. शनिवारपर्यंत वाजलं नाही तर साबण काढून टाकणार म्हणाले."

सासऱ्यांनी सुनेला खूण केली. तिने छापलेलं रिकामं पाकीट घेतलं आणि नेहमीप्रमाणे खाली पांढरा कागद सरकवला. आरपार पाकीट असलं की खाली पांढरा कागद घालायचा, ही इथली जुनी सवय. त्याने पाकीट सपाट बसतं. मी बघितलं आणि गुण दिला. ए.

"बघा. आता बोला," सासरे म्हणाले.

"पण बाकीच्यांचं वाजतं हो. माझंच नाही वाजत."

"मग तुमचे हात बघा, बाई. साबणाचे हात ते! रेघांवर फेस बसवलात तर मशीन काय करणार?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. साबणवाल्या बाईंनी आपले हात पिशवीमागे नेले. "असेल तसंही," असं काहीतरी पुटपुटल्या आणि नमुन्याचं भरलेलं पाकीट टेबलावरच विसरून गेल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. पण माझा खरा 'ए' एका बाईच्या तोंडावर फेकून मारला गेला, आणि मला तोंड असतं तर मी ते तेव्हाच लपवलं असतं.

सून मात्र अस्वस्थ होती. दोनदा जागेवरून उठली, दोनदा बसली. मग तिने ते भरलेलं पाकीट उचललं आणि "बघू तरी" म्हणत जसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलं. एफ. पुसून ठेवलं. एफ. वडी बाहेर काढली, खाली पांढरा कागद घातला. ए. वडी परत आत. एफ.

मित्रांनो, त्याचं असं आहे. तुमच्या डोळ्यांना मोरपंखी रंगावरच्या काळ्या रेघा छान दिसतात. पण माझा उजेड लाल, दुकानातलाही लाल. त्या उजेडात मोरपंखी रंगही काळाच दिसतो. काळ्यावर काळ्या रेघा आम्ही कशा वाचणार?

"बाबा, जरा इकडे या."

"बिघडलं असेल. कार्ड लावून बघ."

तिने कार्ड लावलं. मी बिघडलो नव्हतो. सासऱ्यांनी ती वडी हातात घेऊन उलटसुलट केली.

"पण रिकाम्या पाकिटाला तर..."

"रिकामं पाकीट कोण विकतं, बाबा?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आता त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?"

"फेस म्हणालात ना, त्याच."

सासऱ्यांनी स्वतः फोन केला. बाई आल्या तेव्हा उठून त्यांना आपली खुर्ची दिली. रेघांच्या खाली आधी पांढऱ्या शाईची पट्टी छापायची, असा उपाय निघाला होता. नव्या पाकिटात साबण भरूनच सासऱ्यांनी ते माझ्यापुढे धरलं. ए आला. कुणीही हसलं नाही.

"चूक आमची होती," सासरे म्हणाले. "आणि मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

बाई रागावतील असं मला वाटलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मी हातमोजे घालून साबण भरायला लागले होते, काका. घरात सगळ्यांना सांगितलं, माझेच हात वाईट."

सासऱ्यांनी ते नवं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

शनिवारी साबण दुकानात गेला आणि फळीवर राहिला. काही दिवसांनी सुनेने तिथूनच एक वडी विकत आणली. पाकिटावर पांढरी पट्टी होती, रेघा ठसठशीत होत्या, आणि छपाई दुसऱ्याच छापखान्याची होती. तिने ते पाकीट भरलेलंच माझ्यापुढे ठेवलं. मी मुकाट्याने 'ए' दिला.

आता माझी काच जरा धुरकटली आहे. ती पुसा असं मी सांगणार नाही, सून ती पुसतेच. मागणं एवढंच आहे, मित्रांनो. माझ्यापुढे वस्तू जशी विकली जाते तशी ठेवा. आणि कुणी दारात येऊन "होत नाही हो" म्हणालं, तर माझ्याकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या हातातलं पाकीट आपल्या हातात घ्या.