पेनड्राइव्हवरची दुसरी प्रत

पडद्यावर चौकटी आल्या. तमिळ गावांच्या नावांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी, ओळीच्या ओळी. किनाऱ्याचा नकाशा तर असा खाली घसरला होता, की अर्धं कडलूर पडद्याबाहेर. दिल्लीहून आलेल्या समितीतल्या एकाने चष्मा काढून पुसला. बिचाऱ्या चष्म्याचा काय दोष!

भिंतीशी बसलेली विद्युलता अर्धवट उठली आणि परत बसली. आज तिने सभागृहातल्या त्या मशीनला हात लावायचा नव्हता. तसं ठरलंच होतं.

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या या सरकारी सर्वेक्षण कार्यालयात ती अकरा वर्षांपूर्वी मिरजेहून बढतीवर आली. नवरा उमाकांत मिरजेलाच शाळामास्तर. दोन वर्षांचा तर प्रश्न, असं दोघं स्टेशनवर हसत म्हणाले होते. त्याच वर्षी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. स्लाइड्स बनायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, साहेबांच्या लॅपटॉपवर विंडोज, आणि सभागृहात कुणा हौशी संचालकाने घेऊन ठेवलेलं मॅक. एका घरात तीन जावा आणि तिघींचं एकमेकींशी पटत नाही, अशी गत. इथे लिहिलेलं तिथे उघडलं की अक्षरं बदलायची, तक्ते पसरायचे, ठिपक्यांचे बाण व्हायचे. विद्युलताने ठेचा खात वाट शोधली : फॉन्ट फाइलमध्येच बसवायचा, नकाशाचं चित्र करायचं, पेनड्राइव्हवर पीडीएफची दुसरी प्रत ठेवायची, आणि आदल्या दिवशी सभागृहातल्या मशीनवर उघडून बघायचं.

तिथेच ती फसली. शहाण्या बैलावरच ओझं लादतात. दर वर्षी तिचा बदलीचा अर्ज जायचा आणि दर वर्षी शेरा यायचा : 'सेवा अत्यावश्यक. कार्यमुक्त करता येत नाही.' नऊ अर्ज, नऊ शेरे. वर लोक अभिनंदन करायचे, याची तिला भयंकर चीड यायची.

यंदा मात्र उमाकांतला काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं दिसणं गेलंच होतं, उजव्याचंही कडेकडेने जात होतं. मिरजेच्या कार्यालयात एक जागा रिकामी होती, तीही महिनाअखेरपर्यंतच. अर्ज घेऊन ती राघोत्तम साहेबांपुढे उभी राहिली. साहेब तंजावरी मराठी, मनाने वाईट नव्हते.

"बदली द्यावयास मज काय हरकत?" ते म्हणाले. "पण समिती येणार आहे. तुमचं काम कोणास तरी शिकवा. त्याने एक सभा निभावली, की त्याच दिवशी सही करतो. सरि, ठीक?"

शेजारच्या टेबलावरची कनका तिने निवडली. तीही तंजावरच्याच घराण्यातली, अण्णा नगरला राहणारी, कामाला चलाख.

"शिकते, अक्का," कनका म्हणाली होती. "पण मज सांगा, तुम्ही पाच वाजता कधी घरी गेलांत? माझ्या लेकीचं पाळणाघर साडेपाचला बंद होतं."

विद्युलता तेव्हा हसली. हसायला नको होतं, पण सुटायच्या घाईत माणसाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. तीन आठवड्यांत कनका सगळं शिकली. काल दुपारी तिने सभागृहात तीस स्लाइड्स एका दमात दाखवल्या. एक अक्षर हललं नाही. विद्युलताने रात्री फोनवर उमाकांतला सांगून टाकलं, "उद्या सही."

"विद्युलताबाई, अहो, बघा जरा!" चौकटींनी भरलेल्या पडद्याकडे बोट दाखवत राघोत्तम साहेब म्हणाले.

ती उठली. फाइलमधला फॉन्ट काढलेला होता. असो, दुसरी प्रत आहे, म्हणून तिने पेनड्राइव्ह उघडला. प्रत नव्हती. काल पाच वाजता तिने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. कुणी काढल्याशिवाय ती जात नाही.

तिने मान वळवली. दाराजवळ उभी असलेली कनका तिच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, नुसती विनवणी होती. एक वाक्य बोललं की झालं असतं : साहेब, हिने मुद्दाम केलंय. मग मेमो, चौकशी, आणि ही पोर कायमची या मशीनशी बांधली गेली असती. हिला काम येतं हे उघड झाल्यावर विद्युलताला मिरजेची सही मिळाली असती. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. इतका राग तिला अकरा वर्षांत आला नव्हता.

"दहा मिनिटं द्या, सर," ती म्हणाली, आणि आपल्या टेबलाकडे गेली.

नवव्या मिनिटाला सगळी गावं आपापल्या जागी होती. समितीचे प्रमुख खूश झाले. "मॅडम के बिना तो आपका दफ़्तर चलेगा नहीं," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राघोत्तम साहेबांनीही वाजवल्या, पण तिच्याकडे न बघता. अर्ज त्यांच्या टेबलावर पाचला दहा कमी असतानाही तसाच होता. दहावा शेरा तेवढा पडला होता.

जिन्यापाशी कनका थांबली होती. "अक्का, मज येत नव्हतं असं नाही..."

"ठाऊक आहे."

"मग साहेबांस सांगितलं का नाही?"

"अकरा वर्षांपूर्वी मला कळलं असतं ना, तर मीही हेच केलं असतं." विद्युलताचा आवाज कोरडा होता. माफ केलं की नाही, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. "जा. पोरगी वाट बघत असेल."

कनका गेली. पर्समधला फोन वाजला. उमाकांत होता.

"फोन आधी भलत्यालाच लागला," तो म्हणाला. "काय झालं गं?"

"नाही झाली सही."

"बरं," तो म्हणाला. दर वर्षी तो विचारायचा, 'मग पुढच्या वर्षी?' या वेळी विचारलं नाही. उलट म्हणाला, "फोनमधलं अक्षर मोठं कसं करायचं? तुझं नाव सापडेना मला."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "फोन कापू नकोस. वरून खाली बोट ओढ. उजवीकडे कोपऱ्यात चाकासारखं काहीतरी आहे, ते दाब." एकेक पायरी सांगत तिने त्याला तिथवर नेलं. "आता तो ठिपका उजवीकडे सरकव. झालं मोठं?"

"अजून नाही."

"आणखी सरकव."

"टोकाला गेला."

"आता दिसतंय का माझं नाव?"

तिकडे फोन डोळ्याजवळ नेल्याची खरखर झाली. मागे त्याच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता.

"दिसतंय, दिसतंय," तो घाईने म्हणाला. "अगदी स्पष्ट."

"हं," ती म्हणाली. "नळ बंद कर आधी. सांभाळून जा."