रेडिओवरचा टॉवेल

दुकानात संगीत आलं ते छतातून. पूर्वी जिथे नुसते पंखे लटकत, तिथे आता पांढऱ्या चौकोनांचं खोटं छत झालं होतं. त्यात बशीएवढ्या गोल जाळ्या बसवल्या होत्या आणि त्यांतून दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत बासरी नाहीतर संतूर झिरपत असे. कॅसेटचं यंत्र काउंटरखाली होतं. ते परदेशी होतं आणि एक बाजू संपली की आपणहून दुसरी वाजवू लागे. मुकुंदरावांना त्याचीच जास्त धास्ती वाटे. जुना टेप बाजू बदलताना तरी दम घ्यायचा.

कोठी भागातल्या या पुस्तकांच्या दुकानात मुकुंदराव तरुणपणी लागले तेव्हा त्याचं नाव होतं ‘अप्पाराव बुक डेपो’. अप्पाराव थकले आणि पुण्याच्या जावयांनी, प्रशांतरावांनी, दुकान हाती घेतलं. वर्षाच्या आत काचेचं दार आलं, एअर कंडिशनर आला, शुभेच्छापत्रांचा गोल फिरणारा स्टँड आला आणि दारावर ‘पेजेस’ अशी पाटी लागली. मुकुंदराव मॅनेजर झाले. म्हणजे काम तेच, फक्त गळ्यात टाय. तो बांधता येत नसल्यामुळे ते गाठ न सोडताच रोज घरी खुंटीला अडकवत, आणि त्यांच्या पत्नी शोभाताई त्याला ‘तुमचा फास’ म्हणत.

संगीताबद्दल मुकुंदराव दोनदा बोलून चुकले होते. पहिल्यांदा म्हणाले, “प्रशांतराव, गिऱ्हाईक पुस्तक चाळतं तेव्हा त्याला शांतता लागते.”

“काका, शांतता असली की माणूस दबून जातो. खोकायलासुद्धा घाबरतो. म्युझिक असलं की रेंगाळतो. रेंगाळला की घेतो.”

आणि ते खरंही होतं. गिऱ्हाइकं रेंगाळत होती. काउंटरवरची नीलिमा तर म्हणे, “काका, ह्याच्याशिवाय एकदम सुन्न वाटतं हो. पहले कैसा करते थे तुम्ही लोक?”

दुसऱ्यांदा त्यांनी एका निवृत्त प्राध्यापकांचा दाखला दिला. ते हातातलं पुस्तक ठेवून निघून गेले होते. प्रशांतराव हसले होते. “किंमत बघून गेले असतील, काका.” मुकुंदरावांनी घरी जाताना बसमध्ये विचार केला तेव्हा त्यांना ते पटलंसुद्धा. प्राध्यापकांनी जाण्यापूर्वी पुस्तक उलटं करून मागचं कव्हर पाहिलं होतं खरं. निघताना प्रशांतराव म्हणाले होते, “आता हा विषय पुन्हा नको हं. तुम्हाला जमत नसेल तर गोडाऊनचं काम आहेच.” बोलले हसूनच. पण गोडाऊन म्हणजे मलकपेठेतली एक खिडकी नसलेली खोली होती.

तर अशा वेळी मोहरमचा चंद्र दिसला.

दुकानासमोर, गल्ली ओलांडली की मिर्झा बाखर अली यांचं चष्म्यांचं दुकान. मुकुंदराव आणि बाखरसाब यांचा शेजार अप्पारावांच्या वेळेपासूनचा. बारीक अक्षर दिसत नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मुकुंदराव समोर धाडत, आणि नवा चष्मा लावलेल्याला बाखरसाब इकडे: “जाव मियां, अब कुछ पढ़ के देखो.” मोहरम लागला की बाखरसाब शोकाचा काळा कुर्ता घालत. आणि अप्पाराव उठून फळीवरच्या रेडिओवर एक टॉवेल टाकत. दहा दिवस तो टॉवेल तसाच. शेजारच्या इराणी हॉटेलातही गाणी बंद, पलीकडचा कॅसेटवाला नुसताच बसून राही. क्रिकेटची मॅच असली तर अप्पाराव टॉवेलाच्या आत डोकं घालून स्कोअर ऐकत. पण टॉवेल काढत नसत. का, ते कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. दहाव्या दिवशी दुपारी गल्लीतले लोक अलम, म्हणजे शोकाचं निशाण, घेऊन, छाती पिटत, चादरघाटाकडे जाणाऱ्या मोठ्या जुलुसात सामील व्हायला निघत. ते जाईपर्यंत गल्लीत प्यालासुद्धा वाजत नसे.

छताला टॉवेल घालता येत नव्हता.

पहिल्या दिवशी मुकुंदरावांनी स्वतःची समजूत घातली: काचेचं दार बंद असतं, आवाज बाहेर जात नसेल. मग ते खात्री करायला गल्ली ओलांडून गेले आणि बाखरसाबांच्या पायरीशी वाकून बुटाची नाडी बांधू लागले. काही ऐकू आलं नाही. जीव भांड्यात पडतो आहे तोच एक बाई मुलाला घेऊन आत शिरली, दार उघडलं, आणि थंड हवेच्या झोताबरोबर संतूर गल्लीत आलं. दार मिटलं, थांबलं. पुन्हा उघडलं. शाळा उघडायचे दिवस, पुस्तकांची गर्दी. दार मिटतच नव्हतं.

“क्या हुआ मुकुंदराव, कमर?” आतून बाखरसाबांनी विचारलं.

“नहीं नहीं, नाडी,” मुकुंदराव म्हणाले आणि पळाले.

त्यानंतर रोज ते घरून ठरवून निघत की आज प्रशांतरावांना सांगायचं. अंबरपेठेहून बस कोठीला पोचेपर्यंत वाक्य तयार असे. पण दुकानाचं दार ढकललं की ते वाक्य त्यांनाच संशयास्पद वाटू लागे. आपल्याला हे संगीत नकोच आहे. दोनदा कारणं काढली, दोन्ही फसली. आता हे तिसरं. हे बाखरसाबांसाठी आहे की आपल्यासाठी? दुसऱ्याचं दुःख आपण आपल्या कामाला तर लावत नाही ना? हा विचार एकदा मनात शिरला की तोंड उघडत नसे. ते यंत्राचा आवाज केसभर कमी करत. आणि कोणीतरी, बहुधा नीलिमा, तो पुन्हा वाढवी.

“काका, तुम्हालाही आवडतं. लपवू नका,” ती एकदा म्हणाली.

“मला?”

“बोटं बघा ना तुमची.”

मुकुंदरावांनी पाहिलं. त्यांची बोटं पावतीपुस्तकावर ठेका धरून होती. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांनी हात खिशात घातला.

आठव्या दिवशी प्रशांतराव इलेक्ट्रिशियनला घेऊन आले आणि दाराबाहेर, पाटीच्या खाली, एक काळा स्पीकर ठोकून घेतला.

“परवा मोहरमची सुट्टी,” ते हात चोळत म्हणाले. “सगळे आई-बाप घरी असणार. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत ओढायला पाहिजे. काय काका?”

 मुकुंदरावांचं वाक्य पुढच्या दातांपर्यंत आलं होतं. “परवा... परवा इथून अलम जातो,” एवढंच ते म्हणाले.

“मग चांगलंच आहे की. गर्दी असेल.”

त्या संध्याकाळी त्यांनी एक बेत केला, आणि तो त्यांना भ्याड वाटला तरी केला. बाखरसाबांनी स्वतः तक्रार केली तर प्रश्नच मिटेल. प्रशांतराव माणूस वाईट नाही. शेजाऱ्याची तक्रार आली तर ऐकेल. आपण फक्त निरोप्या. ते गल्ली ओलांडून गेले. बाखरसाब फ्रेमा पुसून पेटीत ठेवत होते.

“बाखरसाब, वो हमारे यहां जो बजता है...”

“हौ.”

“आपको तकलीफ होती होगी.”

 बाखरसाबांनी एक फ्रेम उजेडाकडे धरून पाहिली.

“आप एक बार प्रशांतराव से बोल दिए तो... बंद हो जाएगा. मैं बोला तो उनको लगता मैं अपने वास्ते बोलरा.”

“मैं क्यूं बोलूं?” बाखरसाबांनी अगदी सहज विचारलं. “तुम्हारी दुकान, तुम्हारा बाजा. मैं कौन बोलनेवाला?”

“वैसा नहीं...”

“अप्पाराव को कभी बोला मैं?”

“नहीं.”

“तुमको?”

“नहीं.”

“तो फिर.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “मियां, मेरे बोलने से बंद हुआ तो वो बंद होना क्या हुआ? वो तो मेरा हुकूम हुआ. नक्को. मैं परसों दुकान पे रहता बी नहीं. फिकर मत करो.”

फिकीर करू नका म्हणाले, आणि मुकुंदरावांच्या छातीवर धोंडा ठेवून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. शोभाताईंनी जेवताना विचारलं, “काय झालंय? भात चिवडताय नुसता.” त्यांनी सगळं सांगितलं. शोभाताई म्हणाल्या, “मग बटण तुम्हीच बंद करा. बटणाला काय, कोणाचंही बोट चालतं.” बायकांना सगळं सोपं वाटतं, असं मुकुंदरावांच्या मनात आलं; आणि लगेच, आपल्यालाच सगळं अवघड वाटतं की काय, असंही आलं.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी प्रशांतरावांना गाठलं.

“आज दुपारी जरा वेळ म्युझिक बंद ठेवू या. इथली पद्धत आहे.”

“कोणी तक्रार केली का?”

“नाही.”

“पोलिसांनी सांगितलंय?”

“नाही.”

“तुमच्या त्या चष्मेवाल्यांनी?”

“ते... ते म्हणाले, तुमचं दुकान.”

प्रशांतरावांनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं, तेच जास्त लागलं. “काका, खरं सांगा. तुम्हाला मुळात म्युझिक आवडत नाही.”

 मुकुंदराव टाय चाचपत काउंटरमागे जाऊन उभे राहिले.

दुपारी दुकान खच्चून भरलं. बाहेरचा स्पीकर बासरी ओतत होता. कुठल्याशा सिनेमातलं गाणं, शब्द काढून घेतलेलं. पण शब्द सगळ्यांना माहीत असलेलं. एक गृहस्थ वह्या निवडता निवडता शीळ घालत होते. मुकुंदरावांची नजर काचेतून गल्लीवर होती. बाखरसाबांचं शटर खाली होतं. इराणी हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून दारात येऊन उभा राहिला. कॅसेटवाल्याने दुकानावर चादर ओढली. गल्लीच्या वरच्या अंगाला काळे कपडे दिसू लागले. त्यांच्यामध्ये उंच धरलेला अलम चमकत होता. छातीवर पडणाऱ्या हातांचा आवाज आधी अंगाला जाणवला, मग कानाला.

आणि पाटीखालून बासरी.

 मुकुंदराव खाली वाकले. यंत्रावरचा लाल दिवा डोळ्यांसमोर होता. बटण त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच हलकं निघालं.

दुकान एकदम मोठं झालं. शीळ घालणारे गृहस्थ अर्ध्यावर एकटे पडले आणि ओशाळून थांबले. एक लहान मूल मोठ्यांदा म्हणालं, “मम्मी, क्या हुआ?”

“करंट गया क्या?” कोणीतरी विचारलं.

दिवे चालू होते. एअर कंडिशनर घरघरत होता. तरी मुकुंदरावांना ती वाट दिसली. हो म्हणायचं. वायर ढिली झाली म्हणायचं. प्रशांतराव शुभेच्छापत्रांच्या स्टँडपाशी होते, तिथून गर्दी सारत आले.

“काका, काय झालं?”

“मी बंद केलं,” मुकुंदराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. “मीच बंद केलं.”

प्रशांतरावांचा चेहरा लाल झाला. ते काउंटरच्या आत आले, वाकले, हात यंत्राकडे गेला. तेवढ्यात नीलिमा, कोणाकडेही न पाहता, हलकेच म्हणाली, “सर, अभी नक्को.”

प्रशांतरावांनी वर पाहिलं. दुकानातली सगळी माणसं काचेकडे तोंड करून उभी होती. बाहेरून लोक चालले होते, अनवाणी. त्यांतल्या पुढच्या रांगेत बाखरसाब होते. चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मुकुंदरावांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, त्यामुळे ओळखायलाच क्षणभर वेळ लागला. बाखरसाबांनी दुकानाकडे पाहिलं नाही. त्यांना बंद झालेलं कळलं की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता.

अलम वळणाआड गेला. काही वेळाने प्रशांतरावांनी बटण दाबलं आणि बासरी जिथे तुटली होती तिथून पुढे चालू झाली. मुकुंदरावांकडे न पाहता ते पुन्हा शुभेच्छापत्रांच्या स्टँडपाशी गेले.

उरलेला दिवस मुकुंदरावांनी मनातल्या मनात मलकपेठेच्या त्या खोलीत काढला. तिथे टाय लागणार नाही, हीच काय ती जमेची बाजू. दोन पावत्या चुकल्या. एकदा एका बाईंना त्यांनी सहावीऐवजी सातवीचा भूगोल बांधून दिला. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर प्रशांतरावांनी बोलावलं, तेव्हा ते टायची गाठ सैल करूनच गेले.

प्रशांतराव भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते. “हा दिवस पुढच्या वर्षी कधी येतो?”

“दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. चंद्रावर असतं.”

“मग मला आधी सांगायचं. चंद्र दिसला की सांगायचं. ऐन वेळी गिऱ्हाइकासमोर नाही.”

“हो.”

“आणि आवडत नसलं तरी रोज सकाळी यंत्र तुम्हीच सुरू करायचं.”

“हो,” मुकुंदराव म्हणाले. ‘पुढच्या वर्षी’ असं प्रशांतराव म्हणाले होते; म्हणजे गोडाऊन टळलं होतं. मुकुंदरावांनी ते दोन शब्द खिशात घातल्यासारखे जपून बाहेर आणले. पण दाराबाहेर येताच दुसरी काळजी उभी राहिली. आता पुढच्या वर्षी संगीत मालकाच्या हुकुमाने बंद होणार. बाखरसाबांना ते चालेल? तो हुकूमच ना?

याचा निकाल काही लागेना. गल्ली रिकामी झाली होती. विचार करत ते बसथांब्याकडे निघाले आणि बाखरसाबांच्या बंद शटरसमोर आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतो आहोत. दुपारची तीच बासरी, अर्ध्यावर तुटलेली, अगदी बिनचूक, हरकतींसकट.

आसपास कोणी नव्हतं. शटरमागेही कोणी नव्हतं. मुकुंदरावांनी तोंड मिटलं, आणि गल्लीचं वळण येईपर्यंत ते उघडलं नाही.