माझ्यातली निवळी

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा ड्रम आहे. मला बोलायची सवय नाही. सांगताना चुकलो तर सांभाळून घ्या.

मी जन्मलो तोच मार खाऊन. सपाट पत्र्याला कारागिराने हातोड्याने बडवून गोल केले आणि आगीत माझी शिवण जोडली. पुढे दोन रंगारी भावांनी मला विकत घेतले. ते भिंतींना चुना लावीत. चुना भिजवण्याचे काम थोरल्याच्या बायकोचे. ती माझ्या तळाशी चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, टाकून लांबूनच पाणी सोडी. मग चुनकळी तडतडून फुटे, पाणी उकळे, वाफ फुत्कारे आणि माझा पत्रा थडथडे. कुत्रीसुद्धा वळसा घालून जात.

एकदा शाळा रंगवताना मला विज्ञानाच्या वर्गाच्या खिडकीखाली ठेवले होते. आत बाई चुन्याविषयीच शिकवीत होत्या. ढवळल्यावर पांढरे दिसते ते निलंबन; त्यातले कण थोड्या वेळाने खाली बसतात. वर उरते ती निवळी. ती पाण्यासारखी नितळ दिसते, पण ते द्रावण असते. विरघळलेला चुना डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. चुन्याची विद्राव्यता फार थोडी. पाणी जरासा चुना घेते, संपृक्त होते, आणि मग कणभरही जास्त घेत नाही. हे सारे माझ्या पोटात घडते, हे ऐकून मला उगाच मोठे झाल्यासारखे वाटले.

पुढे एका घरी काम निघाले. रात्रभर चुना खाली बसला होता. सकाळी धाकट्याने मला न ढवळताच वरची निवळी बादलीत घेतली आणि भिंतीला लावली. वाळल्यावर भिंत होती तशीच. थोरला आदल्या दिवशी उरलेल्या घट्ट चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आला.

"हे काय लावलंस?"

"चुना."

"नुसतं पाणी फासलंस. भिंतीला आंघोळ घालतोयस का?"

"निदान भिंत तरी करते, दादा. तू कधी करणार?"

थोरल्याने चुन्यात बुचकळलेला कुंचला सरळ त्याच्या तोंडावर हाणला.

धाकटा किंचाळत गुडघ्यांवर कोसळला. त्याचा उजवा डोळा चुन्याने भरला होता. थोरल्याचा राग जागीच जिरला. "पाणी, पाणी" करीत तो माझ्याकडे धावला. माझ्यात अजून बरीच निवळी होती. जिला तो रागाच्या भरात पाणी म्हणाला होता, तिला आता घाबरून खरेच पाणी समजला. त्याने ओंजळ बुडवली. मी काय करणार? पत्र्याला तोंड नसते.

तेवढ्यात त्याची बायको धावत आली. तिने मला अशी लाथ घातली, की मी कलंडून पायरीवर आदळलो.

"निवळी आहे ती. आंधळा करायचाय का भावाला?"

तिने दिराचे केस धरून त्याला फरफटत नळाखाली नेले. तो हातपाय झाडीत होता, तिला बोचकारीत होता.

"वहिनी, सोड. मरतो मी."

"मर नंतर. आधी डोळा उघड." मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही तोंड काय बघताय? पापण्या धरा."

थोरल्याने पापण्या फाकवून धरल्या. नळ किती तरी वेळ धो धो वाहत राहिला. डोळ्यात चिकटलेला चुना सहजासहजी निघत नाही. मग त्याला डॉक्टरांकडे नेले.

डोळा वाचला. बुबुळावर एक पांढुरका ठिपका तेवढा राहिला.

घरी आल्यावर थोरल्याने मला उपडा केला आणि छिन्नी-हातोडा घेऊन माझ्या तळाला भोके पाडली. एकामागून एक, दात-ओठ खाऊन. तो माझ्यावर रागावलेला नव्हता, एवढे मला कळत होते.

मित्रांनो, भांड्यात नितळ दिसले म्हणून ते पाणीच समजू नका. भांड्यावर नाव लिहा, झाकण ठेवा. आणि राग आला, तर हातातले आधी खाली ठेवा.

आता थांबतो. त्या दिवसापासून मी उपडाच, चढायचे स्टूल झालो आहे, आणि धाकटा माझ्यावर चढतो आहे. त्याला छताची कड रंगवायची आहे. पोच्यांमुळे मी डुगडुगतो, म्हणून थोरला खाली बसून मला दोन्ही हातांनी धरतो.

"सोड रे दादा, पडत नाही मी," धाकटा म्हणतो.

थोरला सोडत नाही.