कारणांची अदलाबदल

बांधकामावरच्या रखवालदाराला मारहाण झाली, तो मेला आणि पोलिसांनी दोघांना उचललं. पहिला बिल्डरचा भाचा. मारणारा तोच, हे तिघांनी पाहिलं होतं. दुसरा नळकामवाला, तो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पाइप जोडत होता हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. कलम एकच, खुनाचं.

नळवाला चौदा महिने आत होता आणि खटला उभा राहायचं नाव घेत नव्हता. म्हणून शिवणकाम करणारी त्याची थोरली बहीण जामिनासाठी हात धुऊन मागे लागली होती.

दोघांचे अर्ज एकाच दिवशी आले. भाच्याच्या वकिलाने पाऊण तास घेतला. नळवाल्याच्या वकिलाने चार मिनिटं; पाचव्या मिनिटाला न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं आणि वकिलाला स्वतःचंच म्हणणं पटेनासं झालं. आठवड्याने निकाल लागला. भाच्याला जामीन मंजूर, नळवाल्याला नामंजूर.

बहिणीने भावाच्या निकालाची प्रत काढली आणि कोर्टाच्या जिन्यात बसून वाचली. अर्जदाराचं परदेशात घर आहे, साक्षीदार त्याच्या मामाच्या नोकरीत आहेत, सबब तो पळून जाईल किंवा त्यांच्यावर दबाव आणील, असं त्यात होतं. भावाला मामाच नव्हता. तिने खटपट करून भाच्याचा निकालही मिळवला. त्यात अर्जदार हातावर पोट असलेला निघाला. भाड्याच्या खोलीत राहणारा, एकाही साक्षीदाराने नाव न घेतलेला, सबब जामीन.

नळवाल्याच्या वकिलाने स्टेनोला गाठलं. त्या कोर्टाची पद्धत अशी, की साहेब फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीने मंजूर किंवा नामंजूर एवढा एकच शब्द लिहीत आणि कारणं स्टेनो मागाहून टिपणांतून भरायचा. या वेळी टिपणांची पानं इकडची तिकडे गेली होती. स्टेनो म्हणाला, टाइप करताना त्यालाही जरा नवल वाटलं होतं. नोकरीत पहिल्यांदाच कारणं निकालाशी इतकी जुळत होती.

बहीण वकिलाला म्हणाली, "वकीलसाहेब, सुटायची कारणं माझ्या भावाची आहेत. मग सुटायला तोच पाहिजे ना?"

"तर्काने बरोबर आहे, ताई," वकील म्हणाला. तर्काचं कोर्टात काय होतं ते त्याला माहीत होतं. दुरुस्तीचा अर्ज मात्र त्याने केला.

न्यायाधीशांनी मोठ्या मनाने चूक कबूल केली. टंकलेखनातली चूक, म्हणाले. चार दिवसांत दोन्ही निकाल दुरुस्त होऊन आले. कारणं ज्याची त्याला परत मिळाली होती. शेवटची ओळ कोणाचीच हलली नव्हती.

भाच्याचं परदेशात घर होतं, म्हणजे घराणं प्रतिष्ठित; असा माणूस अब्रू सोडून पळत नाही. साक्षीदार मामाच्याच नोकरीत, सबब त्यांना धमकावण्याची गरज नाही. मंजूर. नळवाल्याची खोली भाड्याची, म्हणजे त्याला इथे धरून ठेवणारं काही नाही. साक्षीदार त्याचं नाव घेत नाहीत, म्हणजे प्रकरण खोल आहे. नामंजूर. भाषा स्वच्छ होती, एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.

तुरुंगात भेटीच्या जाळीपलीकडे भाऊ उभा होता. तिने सगळं सांगितलं.

"ताई, स्वतःचं घर असतं तर सुटलो असतो का?"

"नाही रे. मग म्हणाले असते, पळायला पैसा आहे."

त्याने मान हलवली. नळाची गळती नेमकी कुठे आहे हे कळल्यावर हलवायचा तशी. वरच्या कोर्टात करायच्या अर्जाचे कागद तिने शिपायाच्या हातून आत दिले. सही कुठे करायची एवढंच त्याने विचारलं. वाचलं काहीच नाही.