काठी जागेवर होती

“काका, ग्राउंड कुठाय?”

“एक बॅटरी, एक रेझिस्टर. त्यात ग्राउंड कशाला? टॉर्चला असतं का ग्राउंड?”

“टॉर्चला नसतं. ह्याला लागतं. शून्य कुठनं मोजायचं ते सांगितल्याशिवाय हे जागचं हलत नाही.”

मी चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे पाहिलं. खाली कसलीशी तक्रार उमटली होती. उभ्या जन्मात मी ढिगानं सर्किटं जोडली, पण सुरू व्हायच्या आधीच कुरकुर करणारं हे पहिलंच.

शिकवत होती ती माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून मी तिला मास्तरीणबाई म्हणतो. निवृत्त झाल्यापासून मी घरातला मिक्सर उघडला, पंख्याचा रेग्युलेटर उघडला, आणि दारावरच्या घंटीचं असं काही करून ठेवलं की फ्रीज सुरू झाला की ती वाजायची. वहिनी तीन दिवस दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी मास्तरीणबाईंनी आपला जुना लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. सर्किट काढायचं आणि ते कसं चालेल ते पडद्यावरच बघायचं, असं एक सॉफ्टवेअर त्यात तिनं घालून दिलं होतं. फुकट मिळतं म्हणे.

“ह्यात काय वाटेल ते जोडा,” ती म्हणाली. “काही जळत नाही, धूर निघत नाही, शॉक बसत नाही.”

“मग त्यात मजा काय, कपाळ?” मी म्हणालो खरा, पण पाच मिनिटांत माझी खुर्ची पुढे सरकली होती.

शिकायला फार नव्हतं. यादीतून वस्तू उचलायची, कोऱ्या पानावर ठेवायची, माउसनं तार ओढायची, वस्तूवर टिचकी मारून तिची किंमत लिहायची. ग्राउंडचं चिन्ह एका ठिकाणी तरी हवंच. मग वरचं ‘चालव’चं बटण दाबायचं. किती सेकंद चालवू, असं ते विचारतं. तेवढं सांगितलं की काळं पान उघडतं, आणि कुठल्याही तारेवर टिचकी मारली की तिथला व्होल्टेज रेघ होऊन त्या पानावर दिसतो. आठवडाभर मी रेडिओ काढले, अॅम्प्लिफायर काढले. सगळे पहिल्या झटक्यात चालले. खऱ्या आयुष्यात असं एकदाही झालं नव्हतं, त्यामुळे माझा त्या यंत्रावर विश्वास म्हणून बसेना.

आणि बुधवारी दुपारी, मास्तरीणबाई कॉलेजात असताना, मी ते सर्किट काढायला घेतलं. पहिल्या दिवशी खुर्ची पुढे ओढली होती ती ह्याच्यासाठीच.

दादा आणि मी, आम्ही दोघे सख्खे भाऊ, रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरवर तंत्रज्ञ होतो. गावाबाहेर उंच मनोरा, त्याच्या पायाशी एक हॉल, आणि हॉलमध्ये माणूस आत उभा राहील एवढं पोलादी कपाट. त्या कपाटात आठ हजार व्होल्ट खेळायचे. दर बुधवारी तीन ते पाच देखभालीसाठी प्रक्षेपण बंद असायचं. तीनच्या ठोक्याला गावातले सगळे रेडिओ मुके व्हायचे. घरी वहिनीला कळायचं, की आता दोघं भाऊ कपाटाशी आहेत.

कपाटात तेलानं भरलेले मोठाले डबे होते, वीज साठवणारे. कपॅसिटर म्हणतात त्यांना. मेन्स, म्हणजे बाहेरनं येणारी वीज, बंद केली तरी त्यांच्या पोटात वीज राहते. ती काढायला एक लांब लाकडी काठी होती. टोकाला तांब्याचा आकडा आणि आकड्याला जमिनीत गेलेली जाड तार. मी काठी लावायचो, कडाड् असा आवाज व्हायचा, ठिणगी उडायची. दादा विचारायचा, “थंड?” मी म्हणायचो, “थंड!” मग तो कपाटात शिरायचा, माझ्या एका शब्दावर. अकरा वर्षं.

काम संपेपर्यंत काठी लावलेली ठेवा, अशी पाटी भिंतीवर होती. का ठेवायची, ते पाटीवर नव्हतं. आम्ही समजायचो, चुकून कुणी मेन्स चालू केले तर म्हणून. आणि मेन्सची किल्ली तर माझ्या खिशात असायची.

त्या बुधवारी मी काठी लावली. आवाज झाला. “थंड?” “थंड!” दादा आत गेला, दोन मिनिटं पुसापुशी केली आणि आतूनच ओरडला, “काढ रे ती काठी, मध्ये मध्ये येतेय.” मी काढली आणि भिंतीवरच्या खुंटीला लावली. दादा काम करता करता पोरीच्या शाळेच्या प्रवेशाबद्दल बोलत होता. चार एक मिनिटांनी तो बोलायचा थांबला. पडला नाही, ओरडला नाही. पाठीमागच्या डब्याला टेकून खाली बसला, इतकंच.

पाच वाजले तरी रेडिओ सुरू झाला नाही, तेव्हा वहिनी पोरीला कडेवर घेऊन चालत निघाली होती. अर्ध्या रस्त्यात तिला केंद्राची गाडी भेटली.

चौकशीत साहेबांनी एकच गोष्ट धरून ठेवली. काठी जागेवर होती, खुंटीला.

“लावली होती साहेब.”

“मग भिंतीवर कशी? का काढली?”

उत्तर सोपं होतं. दादा म्हणाला म्हणून. पण खोलीचं दार उघडं होतं, आणि बाहेरच्या बाकावर वहिनी बसली होती, मांडीवर पोर. तिचा नवरा स्वतःच्या घाईनं गेला, हे मी तिला आठव्या दिवशी ऐकवणार होतो काय? मी गप्प बसलो. साहेबांनी लिहिलं, काठी वापरलीच नाही. माझी बदली स्टोअरमध्ये झाली. तिथं मी सत्तावीस वर्षं खिळे, फ्यूज आणि दिवे मोजून दिले. माझं लग्न जमत आलं होतं, ते राहून गेलं. ‘थंड’ हा शब्द मी पुन्हा उच्चारला नाही, आणि हळूहळू आमच्या घरातूनच तो गेला. आमच्याकडे पाणी गार असतं, हवा गार असते, चहा निवतो. थंड काही होत नाही.

एकच गोष्ट सत्तावीस वर्षं रोज आठवली की ती झिजते. कडाड् आवाज मी खरंच ऐकला होता, की पुढे कधीतरी मनानंच भरला? काठी लावली होती, की नुसतंच सवयीनं “थंड” म्हणालो होतो? देवाशपथ, मला सांगता येत नव्हतं. आणि मला दुसरं काहीच नको होतं. मी खोटं बोललो नव्हतो, एवढं कुणीतरी सांगावं.

म्हणून मी कपॅसिटर काढला. सुरुवातीलाच त्यावर आठ हजार व्होल्ट लिहिले. काठी म्हणून एक स्विच ठेवला, दहाव्या सेकंदाला लागणारा आणि दोन मिनिटांनी निघणारा. ग्राउंड विसरलो नाही. सात मिनिटं चालव म्हटलं आणि बटण दाबलं.

रेघ आठ हजारांवर होती. दहाव्या सेकंदाला कड्यावरून ढकलल्यासारखी शून्यावर आली. काठी निघाली. रेघ शून्यावरच. सहाव्या मिनिटाला, जेव्हा दादा खाली बसला, तेव्हाही शून्य.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. अकरा वेळा. मी साक्षीदार म्हणून बोलावलेलं यंत्र साहेबांचंच वाक्य बोलत होतं. काठी लावली असती तर तो मेला नसता. म्हणजे मी लावली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. माझ्या पाठीमागून, अगदी कानाशी, दादानं विचारलं, “थंड?” मी मागे वळलो नाही. तो आवाज मला नवा नाही, पण इतक्या जवळून तो कधी आला नव्हता.

मास्तरीणबाई आल्या तेव्हा मी तसाच बसलो होतो. तिनं पर्स ठेवली, वाकून पडदा पाहिला आणि आठ हजारांच्या आकड्यावर तिची नजर थांबली.

“हे कुठलं सर्किट, काका?”

सांगायची गरज नव्हती. बापाच्या कपाटाचा आकडा तिला पाठ होता. ती शेजारची खुर्ची ओढून बसली. मी तिला रेघ दाखवली.

“बघ. शून्य. म्हणजे मी काठी लावलीच नव्हती.”

तिनं कपॅसिटरवर टिचकी मारून त्यावर लिहिलेलं वाचलं. मग म्हणाली, “हा कपॅसिटर पुस्तकातला आहे, काका. खरा असा वागत नाही.”

“म्हणजे?”

“फरशी पुसायचं फडकं घट्ट पिळून दांडीवर टाका. थोड्या वेळानं बघा, खाली पाणी असतं. तसंच हे. डब्यातल्या तेला-कागदात मुरलेली वीज एका दमात निघत नाही. काठी काढली की सावकाश बाहेर येते. मी दर वर्षी वर्गात सांगते हे.” तिनं माउस स्वतःकडे ओढला. “ह्या सॉफ्टवेअरला ते आपण सांगावं लागतं. नाहीतर ते बिचारं पुस्तकातलंच धरून चालतं.”

तिनं माझ्या कपॅसिटरशेजारी तीन छोटे कपॅसिटर जोडले, प्रत्येकाच्या वाटेत वीज अडवणारा एकेक मोठा रेझिस्टर. मुरलेली वीज म्हणजे हे, म्हणाली. मग तिनं माउस माझ्याकडे सरकवला. बटण मी दाबलं.

रेघ आठ हजारांवरून कोसळली. शून्य. दोन मिनिटं शून्य. काठी निघाली.

आणि रेघ उठली.

बॅटरी नव्हती, मेन्स नव्हते, त्या पानावर वीज देणारं काही म्हणजे काहीच नव्हतं. मी चारदा तपासलं. तरी ती उठत होती, कुठलीही घाई न करता. शंभर. तीनशे. पाचशे. मला त्या काळ्या पानात कपाट दिसत होतं, दादाची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीमागे डबा भरत चालला होता, आवाज न करता, तो पोरीच्या शाळेबद्दल बोलत असताना. सहाव्या मिनिटाला रेघ आठशे चाळीसवर होती.

“तुम्ही लावली होती,” मास्तरीणबाई म्हणाली. “काका, तुम्ही लावली होती.”

मी मान वर केली तर दारात वहिनी उभी होती, हातात माझा चहा. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“काय लावली होती?” तिनं विचारलं.

“काठी, आई. काकांनी काठी लावली होती. वीज पुन्हा चढली, आपोआप. चढते ती. तिथं कुणाला माहीत नव्हतं.”

वहिनीनं कप टेबलावर ठेवला. पडद्याकडे पाहिलं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसणार, पण ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

“मग का काढली भाऊजी?”

साहेबांचाच प्रश्न. ह्या वेळी मधे बाक नव्हता, दार नव्हतं. मला वाटलं, पुन्हा गप्प बसावं. इतकी वर्षं निभावलं, अजून किती राहिलीत?

“दादा म्हणाला म्हणून,” मी म्हणालो.

दारावरची घंटी वाजली. स्वयंपाकघरात फ्रीज घुरघुरायला लागला होता. आम्ही कुणीच उठलो नाही.

“काय म्हणाले? नेमके शब्द सांगा.”

“काढ रे ती काठी, मध्ये मध्ये येतेय.”

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“त्यांचंच बोलणं हे,” ती म्हणाली. “पावसात छत्री धरली तरी हेच. मध्ये मध्ये येतेय.” ती हसल्यासारखं करत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. “मी तुम्हाला रोज जेवायला वाढलं भाऊजी. रोज वाढताना मनात म्हणायचे, ह्यानंच.”

“माहीत होतं मला.”

“आणि तरी बोलला नाहीत?”

“तुम्ही बाहेर बाकावर होता.”

मास्तरीणबाई उठून खिडकीशी गेली. तिला तो बाक आठवत नसणार. ती तीन वर्षांची होती, आणि माझ्या आठवणीत झोपलेली होती.

“बंद करा ते आता,” वहिनी म्हणाली.

मी सॉफ्टवेअर बंद केलं. जतन करू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं आणि लॅपटॉपही बंद केला. पडदा काळा झाला आणि त्यात आम्ही तिघं पुसटसे दिसू लागलो.

वहिनीनं पदरानं डोळे कोरडे केले, उठली, आणि सवयीनं कपाला हात लावून पाहिला.

“थंड झालाय,” ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिला कळलं आणि ती तशीच थांबली, बोटं कपावर. खिडकीजवळून मास्तरीणबाईनं वळून पाहिलं.

“दुसरा टाकते,” वहिनी हळूच म्हणाली.

“राहू द्या वहिनी,” मी म्हणालो. “थंडच घेतो.”

मी कप उचलला आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. दोघीही तोवर तिथंच उभ्या होत्या.