मागचं दार

जैतुनबीला घर नीटनेटकं ठेवायची खोड होती. खोड कसली, रोगच तो, आणि त्याच रोगानं तिचं घर खाल्लं. दुसऱ्याच्या भिंतीला चुना मारणाऱ्या माणसाचं याहून वेगळं काय व्हायचं?

लोणावळ्याजवळच्या कुसगावात बयाबाईच्या दोन खोल्यांत ती लग्न होऊन आली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा चाँदभाई जुन्या हायवेला पंक्चर काढायचा. मुलगी नूर यंदा दहावीत जायची होती. खोल्या बयाबाईच्या, पण कौलं बदलली जैतुनबीनं, मोरीला फरशी बसवली जैतुनबीनं. मागच्या दाराला पायरी बांधून तिथं मोगरा लावला तोही तिनंच. ते दार उघडलं की समोर थेट नागफणीचा सुळका दिसायचा. बयाबाई दर दिवाळीला म्हणायची, "जैतुन, घर इकायचं झालं तर पयलं तुलाच इचारीन." कागद वगैरे काही नव्हता. नूर जन्मली तेव्हा तिला पहिली अंघोळ बयाबाईनं घातलेली; तिच्याकडं कागद कोण मागणार?

समीक्षा मॅडम करोनात मुंबईहून आल्या. दोन महिने राहून बघू म्हणून बंगला भाड्यानं घेतला आणि परत गेल्याच नाहीत. नवरा-बायको दोघंही घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करायचे. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी आले. डेअरीशेजारी तीन एजंट खुर्च्या टाकून बसायला लागले, आणि जिथं नाचणीसुद्धा धड येत नव्हती त्या माळाच्या गुंठ्याचा भाव सांगताना लोकांचा आवाज आपोआप खाली यायला लागला. जैतुनबीला याचं काही वाटलं नाही. बंगले वाढले तशी तिची धुण्याभांड्याची कामं वाढली; समीक्षा मॅडमचं कामही तिनंच धरलं. उलट ती खूश होती.

ईदला कामाच्या घरी शीरखुर्म्याचा डबा पाठवायचा, ही तिची नेहमीची रीत. यंदा मात्र तिनं नुकताच चुना मारला होता, नवे पडदे लावले होते, आणि ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं डबा पाठवला नाही. मॅडमना घरी बोलावलं.

मॅडम आल्या, वाटी हातात घेतली आणि बसायच्या आधी मागचं दार उघडून उभ्या राहिल्या. बराच वेळ सुळका बघत होत्या. मग आत येऊन बोटाच्या पेरानं भिंत ठोकून पाहिली.

"जैतुनताई, किती छान ठेवलंय हो तुम्ही घर."

जैतुनबीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

"तुमचं स्वतःचं?"

"आमचंच म्हणा," ती म्हणाली. मग लाज वाटून तिनं खरं सांगितलं, आणि दारात येऊन पलीकडचं बयाबाईचं घर बोटानं दाखवलंसुद्धा.

दहा दिवसांनी बयाबाई आली. उंबऱ्यावरच बसली, आत आली नाही.

"जैतुन, घर इकाया काडलंय. माज्या नातवानं, स्वराजनं, तळेगावात फ्लॅट बघितलाय. तितं बी भायेरची लोकं येऊन भाव आभाळाला भिडल्यात, माजा नाइलाज हाय. पर शब्द दिल्ता न्हवं? पयलं तुलाच इचारते. पंचेचाळीस लाख."

जैतुनबीला हसू फुटलं. तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. बयाबाई हसली नाही. म्हातारीनं शब्द अक्षरशः पाळला होता, त्यामुळं तिच्याशी भांडायची सोयही उरली नव्हती.

"एवढे कोण देणार आक्का, या दोन खोल्यांना?"

"तुजी मॅडम देतीया. तू घर येवडं झ्याक ठिवलं म्हनून तर भाव आला. पावसाच्या आत खाली कर म्हंजे झालं."

सही झाल्यावर मॅडमनी पेढे दिले. कामाला मात्र तुम्हीच यायचं, म्हणाल्या, घराचा कोपरान् कोपरा तुम्हाला माहीत आहे. जैतुनबीनं मान डोलावली. पगार सोडून चालणार नव्हतं. पण त्या दिवशी तिनं मॅडमची भांडी घासताना एक काचेचा पेला मुद्दाम फोडला, आणि तेवढ्यानंही तिला बरं वाटलं नाही.

महिनाभर तिनं आणि चाँदभाईनं खोली शोधली. भुशी धरणाकडं असेल ती खोली पर्यटकांना रात्रीच्या हिशोबानं दिली जायची. मालक म्हणायचे, दोन शनिवार-रविवारात तुमचं महिन्याचं भाडं सुटतं, कुटुंब कशाला ठेवू? कुसगावात एका खोलीचे सात हजार मागत होते, आणि तीही नाव विचारून झाल्यावर अचानक दिलेली निघायची. जून तोंडावर आला.

शेवटी चाँदभाईच्या एका गिऱ्हाइकानं आंदर मावळातल्या सखारामच्या खोलीविषयी सांगितलं. एसटी दिवसातून दोनदा. नूरला शाळेसाठी कामशेतपर्यंत यायचं, तिथून लोकलनं लोणावळा. तरी जैतुनबी बघायला गेली. सखाराम भला माणूस, रस्त्यातच म्हणाला, "एक शालूबाई ऱ्हाती तितं. नवरा न्हाई. भातलावनीला जाती लोकांच्यात. आटशे देती, ते बी मागंपुढं. तुमी काय देशाल?"

"बघू आधी," जैतुनबी म्हणाली.

शालूबाईला वाटलं, मालकाकडचे पाहुणे आलेत. तिनं घाईनं घोंगडी झटकून टाकली, चुलीवर कोरा चहा ठेवला. जमीन ताजी सारवलेली. भिंतीला गेरूचा पट्टा. पितळेची दोन भांडी अशी घासलेली की त्यांत तोंड दिसावं. हे सगळं करणारे हात जैतुनबीला ओळखीचे वाटले.

ती बसली नाही. मागच्या दाराशी गेली, आगळ काढली. पलीकडं भातखाचरं, त्यापुढं डोंगर. तिथं उभी असतानाच तिच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. तरी ती मागं फिरली नाही. भिंतीला बोटाचं पेर लावून ठोकून पाहिलं. भिंत पक्की होती.

"सगळं म्याच केलंय," शालूबाई मागून म्हणाली. "भिताड पडाया आल्तं. चार वर्सं झाली, धा येळा लिपलं."

नूरची दहावी आणि जूनचं आभाळ, एवढंच जैतुनबीच्या डोक्यात होतं. दया तिलाही आली. पण दयेवर कौलं चढत नाहीत, हे ती नुकतीच शिकली होती.

"लय छान ठेवलंय घर तुम्ही," ती म्हणाली. मग सखारामला दारापलीकडं नेऊन हळूच म्हणाली, "दोन हजार देईन. पण पावसाच्या आत खाली पाहिजे."

सखारामनं डोळे मोठे केले. "लोनावळ्याची मानसं यायला लागली, आता गावाला बी भाव येनार," तो खुशीत म्हणाला.

शालूबाई तोवर चुलीशी गेली होती; त्यातलं काही तिला ऐकू आलं नाही. घर छान ठेवलंय एवढंच तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा फुलून आला. तिनं जैतुनबीची बशी काठोकाठ भरली, आणि उरलेला चहाही तिलाच वाढला. जैतुनबीनं तो सगळा पिऊन टाकला.